सही माझी आहे, ठराव माझा नाही

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एका माजी सरपंच बाईंना त्यांच्या घरून अटक केली. स्टेशन डायरीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला.

त्या बाई गेल्या महिन्यात वारल्या. त्याच वर्तमानपत्राने आतल्या पानावर बातमी दिली आणि सोबत तोच फोटो छापला. फोटोत त्या जीपमध्ये चढत आहेत, मागे महिला शिपाई आहे, आणि शेजारी मी उभा आहे. बातमीत ‘गायरान प्रकरणामुळे वादग्रस्त ठरलेल्या’ असे शब्द आहेत. मी संपादकांना पत्र लिहिले. ते छापून आले नाही. तेव्हा ते प्रकरण काय होते, हे अटक करणाऱ्यानेच सांगितलेले बरे. मी कोणाचे नाव घेणार नाही. ज्यांना स्वतःची ओळख पटेल त्यांनी खुशाल पटवून घ्यावी.

गाव पुण्याच्या पूर्वेला, लोणी काळभोरच्या बरेच अलीकडे. मी तिथल्या ठाण्यात निरीक्षक म्हणून आलो तेव्हा गाव नुकतेच महापालिकेत गेले होते. ग्रामपंचायत बरखास्त झाली होती आणि तिचे दफ्तर गोण्यांत भरून महापालिकेत जमा झाले होते. कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार असे सगळे म्हणत होते. कमरेला पेजर लावलेली माणसे उसाच्या बांधावर उभी राहून हातांनी इमारती दाखवत. शेतकरी त्यांच्याकडे बघत आणि मान हलवत. कोणी विकत होते, कोणी थांबले होते.

गावाला एक गायरान होते. कागदोपत्री सरकारचे, वापरायला गावाचे. एका कडेला शाळेचे मैदान, दुसऱ्या कडेला स्मशान, मधे गुरे चरायची. एके दिवशी तिथे मोजणीची माणसे आली आणि त्यांनी खुंट्या ठोकल्या. लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी एका ठरावाची नक्कल दाखवली. पंचायत बरखास्त होण्याआधी ग्रामसभेने ठराव केला होता, की एका खाजगी कंपनीला गायरान देण्यास गावाची हरकत नाही. खाली सरपंचांची सही होती.

सरपंच म्हणजे आक्का. सगळे गाव त्यांना आक्का म्हणे.

दोन तासांत ठाण्याच्या आवारात शंभरेक माणसे जमली. पुढे माजी उपसरपंच होते. पांढरे कपडे, हळू आवाज, बोलताना समोरच्याचा हात हातात घेण्याची सवय. महापालिकेच्या येत्या निवडणुकीत त्यांना उभे राहायचे होते आणि आक्कांनाही. हे मला माहीत होते. पण फिर्याद रीतसर होती, ठरावाचे मूळ पुस्तक मी महापालिकेतून जप्त केले, सही हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवली. तज्ज्ञाचा अभिप्राय आला, सही खरी आहे. वरून दोनदा फोन आला, की प्रकरण सरळ आहे, लोक तापले आहेत, उशीर नको. मी अटक केली.

फोटोग्राफर आधीच आक्कांच्या दारात उभा होता. त्याला कोणी बोलावले हे मी विचारले नाही. आक्का जीपमध्ये चढत असताना मी टोपी सरळ केली. ते फोटोत दिसते.

आक्का तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. सातवीपर्यंत शिकलेल्या. नवरा कारखान्यात कामगार. सरपंचपद बायकांसाठी राखीव झाले तेव्हा गावातल्या कर्त्या माणसांनी त्यांना उभे केले, कारण बाई गरीब वाटली आणि नवऱ्याला पाळीमुळे सवड नव्हती. म्हणजे कारभार उपसरपंचांकडेच राहणार होता. पहिल्या सभेला उपसरपंच सरपंचाच्या खुर्चीत बसले आणि आक्कांसाठी दाराजवळ खुर्ची ठेवली. आक्का पूर्ण सभा उभ्या राहिल्या. हे मला गावातल्या तिघांनी वेगवेगळे सांगितले, म्हणून चौकशीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना विचारले, “खुर्ची दिली होती ना तुम्हाला? मग बसला का नाहीत?”

“दिली की. पण ती पाव्हण्याची होती.”

“मग?”

“मग काय? दोन तास उभी ऱ्हायले. उभ्या बाईसमोर कितीक येळ बसतील? पुढच्या सभेला खुर्ची मोकळी होती.”

आरोपींची एक रीत असते. सही खरी असली तर ते आधी म्हणतात सही माझी नाही. नंतर म्हणतात जबरदस्तीने घेतली. शेवटी म्हणतात आठवत नाही. आक्कांच्या वकिलानेही त्यांना तसेच सांगितले होते. मी पुस्तक उघडून पान समोर ठेवले. त्यांनी सहीवर बोट ठेवले.

“सही माझी हाय. ठराव माझा न्हाई. एवढंच लिहा.”

“अहो, दोन्ही एकाच पानावर आहेत.”

“साहेब, सही आधीची हाय. ठराव मागनं आला.”

मग त्यांनी सांगितले. पंचायत बरखास्त होण्याच्या सुमारास त्या कांदा काढत होत्या. ग्रामसेवक स्कूटरवरून शेतात आला. म्हणाला, दफ्तर जमा करायचे आहे, मधली काही पाने कोरी राहिली आहेत, खाली सह्या नसल्या तर आक्षेप येईल. आक्कांनी मातीचे हात लुगड्याला पुसले आणि बांधावर उभ्या उभ्या पाच पानांवर सह्या केल्या.

“कोऱ्या कागदावर?” मी विचारले. “तुम्ही सरपंच होता.”

“तीच चूक झाली. चार वर्षं एक कागद न वाचता सही केली न्हाई. त्या दिवशी केली. चुकीची शिक्षा द्या, मी घेते. चोरीची देऊ नका.”

मी म्हणालो, सही नाकारली असती तर निदान वकिलाला झगडायला जागा राहिली असती.

त्या म्हणाल्या, “म्हंजी सुटायला खोटं बोलायचं, आन खरं बोललं तर आत बसायचं. तुमच्या पुस्तकात असंच हाय का? मग लिहा तसं. मला काय, मी बसंन.”

ठाण्यात अनेक प्रकारचे लोक येतात. काही रडतात, काही वरच्यांची नावे सांगतात. आक्का भिंतीशी ताठ बसल्या होत्या, आणि प्रश्न विचारून झाला की माझ्याकडे अशा बघत, की आता उत्तर मी द्यायचे आहे. रस्त्याच्या पलीकडे त्यांचा नवरा डबा घेऊन उभा असे. पहिली पाळी करून सरळ यायचा, पण ठाण्यात यायचा नाही. मी बोलावले तर म्हणाला, “तिनं सांगितलंय, आत यायचं न्हाई म्हणून.”

कोऱ्या पानांवर सह्या घेण्याची पद्धत पंचायतींत होती हे मला ठाऊक होते. पण ते कोर्टात सिद्ध कसे करणार? ग्रामसेवक म्हणत होता, सभा झाली. उपसरपंच म्हणत होते, सभा झाली आणि मी विरोध केला होता. सोबत उपस्थितांच्या सह्यांचा कागद जोडलेला होता. तीन दिवसांची कोठडी होती आणि दोन दिवस संपले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक किरकोळ जबाब नोंदवायचा राहिला होता. ग्रामसभा बोलावली की गावात दवंडी द्यावी लागते. ते काम एका म्हाताऱ्याकडे होते. पिढ्यानपिढ्या त्याच्या घरात हलगी होती. सभा झाली हे दाखवायला त्याचा जबाब लागणार होता, म्हणून आमच्या रायटर हवालदाराने तो आधीच लिहून ठेवला होता. ही आमच्याकडची सवय. साक्षीदार येण्याआधी जबाब तयार असतो, साक्षीदाराने फक्त अंगठा द्यायचा.

म्हातारा आला. हवालदाराने शाईचा पॅड पुढे सरकवला.

“आधी वाच,” म्हातारा म्हणाला.

“बाबा, तुमच्याच कामाचं आहे. दवंडी दिली एवढंच लिहिलंय.”

“माझं हाय तर मला ऐकू दे.”

हवालदाराने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. त्याने वाचले. अमुक तारखेला मी हलगी वाजवून दवंडी दिली, वगैरे.

“तारीख मला कळत न्हाई,” म्हातारा म्हणाला. “तिथी सांग.”

“दोन वर्षांपूर्वीची तिथी मी कुठून सांगू? मी काय भटजी आहे?”

“मग कोणच्या दिसांत ते सांग.”

हवालदाराने पुस्तकातली मागची पुढची पाने चाळली. आधीची सभा गणपती उठल्यावरची होती, नंतरची दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यावरून मागे दिवस मोजून तो म्हणाला, “घट बसायच्या आधी, चार-पाच दिवस.”

म्हाताऱ्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हात काखेत धरून बसला.

“अंगठा देणार न्हाई.”

“का हो, बाबा?” मी विचारले.

“देवी निजली होती.”

हवालदार हसला. मी हसलो नाही, पण मलाही कळले नव्हते. म्हाताऱ्याने समजावून सांगितले. गावची देवी घट बसण्याआधी आठ दिवस निजते. पलंगावर तिला निजवतात. त्या आठ दिवसांत गावाच्या शिवेत हलगी नाही, ढोल नाही, लग्नाचा बँड नाही. कोणी पत्र्यावरसुद्धा काठी आपटत नाही.

“आन मी त्या आठ दिसांत हलगी वाजवली, आसं तुमी लिवलंय,” तो म्हणाला. “साहेब, माझ्या बापाला देवळात आत घेत न्हवते. मलाबी न्हवते. पायरीच्या खालनं मी तिची झोप राखलीय, साठ वर्सं. गावातलं कोणीबी बोलवा आन इचारा, त्या दिसांत हलगी वाजली का. वाजली आसंल तर माझं बोट तोडा.”

मी तयार जबाब फाडला. ते नियमात बसत नव्हते. नवा जबाब त्याच्या शब्दांत लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला. मग त्याने अंगठा दिला.

मी दुपारी शहरातल्या ज्या वाचनालयाचा वर्गणीदार होतो तिथे गेलो. दोन वर्षांपूर्वीचे पंचांग काढायला सांगितले. ग्रंथपाल म्हणाले, “आपलं लग्न ठरवायचं असेल तर हे जुनं आहे.” मी म्हणालो, जुनेच हवे आहे. तिथी जुळवली. म्हातारा बरोबर होता. आणखी एक गोष्ट दिसली. ठरावाची तारीख ऐन पितृपक्षातली होती. उपसरपंच बैल घ्यायचा झाला तरी मुहूर्त बघत. त्यांच्या गावात, जमिनीचा व्यवहार, पितरांच्या पंधरवड्यात. पण त्यांना इलाज नव्हता. आक्कांची सही असलेले कोरे पान ज्या दोन सभांच्या मधे होते, त्यांच्यातलीच तारीख घालावी लागली होती. आणि ती त्यांनी स्वतः घातलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी आक्कांची वाढीव कोठडी मागितली नाही आणि जामिनाला विरोध केला नाही. वरून फोन आला. मी सांगितले, तपास चालू आहे.

ग्रामसेवकाला बोलावले. तो वऱ्हाडातला, तिशीचा, बिबवेवाडीत भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. गावात दहाला यायचा, पाचला परत. बोलणे जपून.

मी ठरावाचे पान उघडून पहिली ओळ वाचली. ‘आज रोजी दवंडी देऊन बोलावलेली ग्रामसभा...’

“दवंडी कोणी दिली?”

“नेहमीच्याच माणसाने, सर.”

“तुम्ही ऐकलीत?”

“ऐकली न सर. ऑफिसात बसलो होतो.”

“काय वाजलं?”

“हलगी.”

“जोरात?”

“जोरातच वाजते सर ते.”

मी लिहून घेतले. सही घेतली. मग विचारले, “घट बसण्याआधी आठ दिवस या गावात काय असतं?”

त्याला सांगता येईना. मी सांगितले. त्याने ठरावाचे पान स्वतःकडे ओढून पहिली ओळ वाचली. मग म्हणाला, “पहिली ओळ तर दर सभेला तेच राहते, सर. हात आपोआप चालला. ती कोणी वाचत नाही. त्यांनीबी वाचली नसंल.”

‘त्यांनी’ म्हणजे उपसरपंचांनी. मजकूर त्यांनीच सांगितला होता, स्वतःच्या विरोधासकट, म्हणजे दोष एकट्या आक्कांवर; तारीख याने शोधली होती. गावचा माणूस ती ओळ वाचता तर त्याला तिथेच ठेच लागली असती. पण तीन वर्षे तिथे नोकरी करूनही या मुलखाच्या देवीची झोप ग्रामसेवकाला कोणी सांगितली नव्हती, आणि ज्याला माहीत होती त्याने सरळ खालच्या विरोधाच्या रकान्यापर्यंत जाऊन सही केली होती. मी ग्रामसेवकाला विचारले, तुम्ही हे का केलेत. त्याने पैशाचे नाव काढले नाही. त्याची आई गावी एकटी होती, अंथरुणाला खिळलेली. उपसरपंचांनी त्याला त्याच्या जिल्ह्यात बदली मिळवून देतो म्हटले होते.

“झाली बदली?”

“नाही. माय गेली. बदली नाही झाली.”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मी त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला. उपस्थितांच्या सह्यांचा कागद नेत्रतपासणी शिबिरातला निघाला. वर चष्म्याचे नंबर लिहिले होते, ते कापून टाकले होते, पण एका कोपऱ्यात अर्धा आकडा राहिला होता. ठराव रद्द झाला. खुंट्या निघाल्या. आक्कांविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी पाठवला आणि उपसरपंचांवर दोषारोपपत्र ठेवले. त्यानंतर दोन आठवड्यांत माझी नियंत्रण कक्षात बदली झाली. तिथे वायरलेस ऐकत बसायचे. वाचायला पुष्कळ वेळ मिळाला. ज्यांनी मला तिथे पाठवले त्यांचा मी आभारी आहे.

उपसरपंचांचा खटला अकरा वर्षे चालला आणि ते सुटले. त्याआधीच ते निवडून आले होते, आक्कांना हरवून. प्रचारात त्यांनी तो फोटो वापरला. आक्कांनी फोटोला उत्तर दिले नाही. पुढच्या खेपेला अपक्ष उभ्या राहिल्या आणि आल्या. नंतर पुन्हा आल्या, मग हरल्या. मोठे पद मिळाले नाही. मोठ्या पक्षाने तिकीट देऊ केले होते. पक्षाच्या माणसाने एक अर्ज पुढे ठेवला आणि म्हणाला, इथे सही करा, मजकूर आम्ही भरतो. आक्कांनी त्याला चहा दिला आणि अर्ज परत दिला.

महापालिकेतली त्यांची ख्याती मी एका अधिकाऱ्याकडून ऐकली. कुठलाही कागद सहीला आला की त्या म्हणत, “पहिल्या ओळीपासून वाचा.” अधिकारी एकमेकांना सांगत, आक्का आहेत, चहा मागवून ठेवा. त्यांना ही चेष्टा वाटे. पण त्यांच्या प्रभागातले रस्ते कागदावर जेवढे रुंद तेवढेच जमिनीवर होते, हेही त्याच अधिकाऱ्याने सांगितले, जरा चिडूनच.

मी त्यांना नंतर एकदाच भेटलो, निवृत्त झाल्यावर. त्यांच्या ओट्यावर बसलो. समोर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या होत्या, मधे गायरान. मी म्हणालो, मला त्या दिवशी थांबता आले असते. ठराव मी पहिल्या ओळीपासून वाचला नव्हता. मीही सरळ सहीपाशी गेलो होतो.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “साहेब, न्यायला तुम्ही जीप आणली. सोडलं त्या दिवशी मी सिटी बसनं आले. पिशवी घेऊन, उभ्यानं. तवा कोण फोटो काढायला आलं न्हाई.”

“चुकलं माझं.”

“तुम्ही निदान मागनं वाचलं. च्या घ्या, गार होतोय.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी गुन्हेगारांबद्दल जे शिकलो ते कोणीही शिकतो. या प्रकरणात मी स्वतःच्या खात्याबद्दल शिकलो. आम्ही अटक करतो ती दिवसाढवळ्या, लोकांसमोर, जीप लावून. सोडतो ते एका अहवालाने, जो फायलीत जातो. अटकेची बातमी होते, अहवालाची होत नाही. मग पंचवीस वर्षांनी माणूस मेला की वर्तमानपत्रातला कोणीतरी कात्रणांचे जुने पाकीट उघडतो, त्यात अटकच सापडते, आणि तो ‘वादग्रस्त’ असे लिहितो. लिहिणाऱ्याने अहवाल वाचलेला नसतो. मी तो लिहिला आहे. त्यात शेवटचे वाक्य असे आहे, की सदर महिलेचा गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही. खाली माझी सही आहे. ही सहीही माझी आणि मजकूरही माझा.

आक्कांना गायरानाच्या कडेच्या स्मशानात अग्नी दिला. माणसे फार नव्हती. नवरा खुर्चीवर बसला होता. माजी उपसरपंच आले, हार घातला, माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला.

फोटो वर्तमानपत्राकडे आहे. हलगी म्हाताऱ्याच्या नातवाच्या घरात आहे. गायरान मोजणीला होते तेवढेच आहे. सकाळी शाळेची मुले तिथे कवायत करतात.